डोंगर रिकामे झाले, पांदा टिकल्या

दरवर्षी 28 डिसेंबरला दक्षिण स्पेनमधल्या मालागा शहराच्या कडेला, पुएर्तो दे ला तोरे या भागात, वाद्यांचा एकच कल्लोळ उसळतो. फुलं, मणी आणि छोटे आरसे लावलेल्या टोप्या घालून, पाठीवर रंगीत फितींचे झुपके सोडून गायक-वादक गटागटाने येतात. अशा गटाला ‘पांदा’ म्हणतात आणि त्यांच्या गाण्या-नाचण्याला ‘वेर्दियालेस’. स्पेनचं संगीत म्हटलं की आपल्याला फ्लामेंको आठवतो. त्या फ्लामेंकोला ज्या ग्रामीण गाण्याने खतपाणी घातलं, ते हे मालागाच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचं गाणं.

ताल तीन मात्रांचा आणि चांगलाच चपळ. गिटारी ठेका धरतात, बोटांत अडकवलेल्या लहान झांजा खणखणतात, चिपळ्यांसारखी कास्तानेत वाजतात आणि ‘पांदेरो’ नावाची मोठी खंजिरी सगळ्यांना बांधून ठेवते. सुरांचं नेतृत्व असतं एकट्या व्हायोलिनकडे. गाण्याच्या कडव्याला ‘कोप्ला’ म्हणतात. त्याच्या ओळी चार किंवा पाच, पण काही ओळी पुन्हा घेऊन ते सहा सांगीतिक टप्प्यांत म्हटलं जातं. एक जण खड्या आवाजात कोप्ला म्हणतो, तो थांबताच व्हायोलिन उसळून वर येतं आणि लगेच दुसरा गायक पुढची कोप्ला उचलतो. प्रेम, आई, गाव, थट्टामस्करी असे विषय त्यात येतात. मधोमध जोडपी नाचतात, कधी कुणी झेंडा फिरवत नाचतो.

वेर्दियालेसच्या शैली तीन, प्रत्येकीला तिच्या भागाचं नाव. आल्मोखियाची चाल वेगवान, तिथे झांजा पुढे. मोन्तेस, म्हणजे खुद्द मालागाच्या डोंगरांतली शैली संथ, तिथे पांदेरोचं राज्य. कोमारेसमध्ये व्हायोलिनच्या जोडीला लाऊद किंवा बांदुरिया ही तंतुवाद्यं येतात आणि सुरावट अधिक नटते. जाणकार डोळे मिटूनही पांदा कुठली ते ओळखतात.

पांदाचा प्रमुख म्हणजे ‘आल्काल्दे’. त्याच्या हातात फितींनी सजवलेली काठी असते. कुणी गायचं, कुणी नाचायचं, कधी थांबायचं हे त्या काठीच्या इशाऱ्यावर ठरतं. दिंडीत चोपदाराच्या दंडाला जो मान, तोच इथे या काठीला. दोन पांदा वाटेत समोरासमोर आल्या की सामना जुंपतो, त्याला ‘चोके’ म्हणतात. दोन्ही बाजू मागे न हटता वाजवत राहतात. पूर्वी असे सामने तासन्‌तास चालत.

हा उत्सव मूळचा डोंगरातला. मालागाच्या उत्तरेकडच्या टेकड्या एके काळी द्राक्षमळ्यांनी भरलेल्या होत्या. मळ्यामळ्यात ‘लागार’ असे, म्हणजे द्राक्षं तुडवून वाइन करण्याची जागा असलेलं शेतघर. नाताळच्या दिवसांत पांदा या घराघरांतून फिरत. घरमालक खाऊपिऊ घालत आणि अंगणात नाच रंगे. 1878 साली मालागा प्रांतात फिलोक्सेरा ही वेलींची मुळं खाणारी कीड आली आणि मळे उद्ध्वस्त झाले. झाडोरा नसलेल्या उतारांवरची माती वाहून जाई, ग्वादाल्मेदिना नदीला पूर येत. 1907 च्या पुराने शहराला मोठा तडाखा दिला. पुढे पूर रोखण्यासाठी डोंगरांवर पाइनची लागवड झाली. कित्येक लागार ओस पडले, माणसं पोटासाठी शहराच्या कडेला येऊन राहिली.

माणसांबरोबर पांदाही खाली उतरल्या. पांदा घडत होती ती नात्यागोत्यातून आणि शेजारातून. वडिलांच्या शेजारी उभं राहून मुलगा झांज वाजवायला शिके. त्यामुळे अंगण सुटलं तरी गाण्याचा गट सुटला नाही. दरम्यान याच गाण्याला दुसरी वाटही फुटली होती. वेलेझ-मालागाचा गायक हुआन ब्रेवा (1844–1918) याने या कुळातलं गाणं फ्लामेंकोच्या मंचावर नेलं. नाचाचा ठेका मागे पडत गेला, आलापी वाढली आणि बसून ऐकायची ‘मालागेन्या’ बहरली. मंचाने गायकाला मोठं केलं. पांदाने मात्र गाणं सगळ्यांचं ठेवलं.

2010 मध्ये मालागा ज्या प्रदेशात येतं त्या आंदालुसियाच्या सरकारने वेर्दियालेसला संरक्षित सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. तो मोलाचा आहेच. पण हे संगीत त्याआधीच जगलेलं होतं, कारण त्याला ठरलेला दिवस होता, काठी धरणारा प्रमुख होता आणि शेजारी उभं राहून शिकणारी मुलं होती. आज मुलांच्याही पांदा आहेत, बायका गातात आणि वाजवतात. लोकसंगीत वाचवायचं तर ध्वनिमुद्रण हवं, पुरस्कार हवेत. पण सगळ्यांत आधी ते एकत्र येऊन वाजवणारा गट टिकायला हवा. डिसेंबरअखेर आंदालुसियात जाणार असाल, तर 28 तारीख मालागासाठी राखून ठेवा.