शब्दाची शेपटी

इंग्रजी कोश आद्याक्षराप्रमाणे लावलेला असतो. पोटातील अक्षरांवरून मोठा शब्द शोधू जाणाऱ्यास तो फारसे साह्य करीत नाही. समजा, ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेला शब्द हवा आहे. अशा वेळी आपण शेपटीकडून निघावे. लॅटिनमधून आलेल्या शब्दांचे शेवट ठरीव असतात. टी-आय-ओ-एन धरले की दोन स्वर आयतेच हाती लागतात. ‘एज्युकेशन’ मग दूर नाही. आय-ओ-यू-एस या शेवटात तर तीन स्वर, तेही ओळीने. त्यामागे ए आणि ई बसवून पाहिले की ‘फसीशस’ म्हणजे थट्टेखोर आणि ‘ॲब्स्टीमियस’ म्हणजे मिताहारी हे शब्द सापडतात, आणि गंमत अशी की स्वर वर्णक्रमानेच येतात! नेमका उलटा क्रम पाहायचा तर आपले ‘सबकॉन्टिनेन्टल’ आहेच.

जॉन वॉकर याने १७७५ साली शब्द शेवटावरून लावून अख्खा कोश रचला, तो यमके जुळविणाऱ्यांना फार उपयोगी पडला. आज संगणक हा शोध क्षणात घेतो. तरी आमची मुले स्पेलिंग अक्षर-अक्षर घोकतातच. ‘शन’ची चार अक्षरे एकदा ओळखीची झाली, की ‘एज्युकेशन’च्या नवांपैकी पाचच पाठ करायची उरतात.