मोठे टायर आणि जीपची उंची

बेंगळुरूनजीकच्या रामनगराच्या खडकाळ टेकड्यांत जीप नेणाऱ्यास मोठ्या टायरांचा मोह होतो. परंतु २९ इंच व्यासाऐवजी ३१ इंचांचा टायर बसविल्यास चाकांचा आस केवळ एक इंच उंचावतो. कमानपाटे उंच केल्याने सांगाडा वर जातो, आस नव्हे. डिफरन्शियल खडकास पूर्वीइतकेच जवळ राहते. उलट गुरुत्वमध्य वर सरकून उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून चाक पूर्ण वळविले असता टायर मडगार्डास घासणार नाही, एवढीच उंची पुरे. तत्पूर्वी कायदा पाहावा : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरविणारे बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निषिद्ध आहेत; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले.