काटा कुठे लावला?

शहरातला अमुक टक्के कचरा रिसायकल होतो, असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, वजन कुठं केलं? घंटागाडी वर्गीकरण शेडच्या दारात आली तेव्हा, की गाठी बांधून माल कारखान्यात पोहोचल्यावर? आकडे दोन्ही खरे, पण त्यांत अंतर बरंच.

पाण्याची रिकामी बाटली घ्या. बाटली ‘पेट’ची, झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं, लेबल बहुधा तिसऱ्याच. भंगारवाल्याच्या काट्यावर हे सगळं एकत्र चढतं, तळाशी राहिलेल्या घोटभर पाण्यासकट. कारखान्यात बाटलीचे बारीक तुकडे करून पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट बुडतं, झाकणाचे तुकडे तरंगतात. लेबल, डिंक, माती धुऊन निघते. बुडालेल्या तुकड्यांपासून बऱ्याचदा पॉलिस्टरचा धागा होतो, आणि त्या धाग्याची पुन्हा बाटली होणं अवघडच.

युरोपीय संघातल्या देशांना घरगुती कचऱ्याची टक्केवारी काढायला पूर्वी चार पद्धती होत्या, हवी ती निवडा! २०१८ साली कायदा बदलला. आता वर्गीकरण उरकून माल प्रत्यक्ष प्रक्रियेत शिरतो, तिथलं वजन धरायचं. २०३५ साठी ६५ टक्क्यांचं उद्दिष्ट आहे ते या मापानं. काटा असा पुढं सरकला की आकडा खाली येतो, म्हणून तो सरकवायला सहसा कुणी राजी नसतं.

बरं, वजन नीट केलं तरी पर्यावरणाचा हिशेब लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवलं तर बॉक्साइटपासून नवं करण्याच्या मानानं सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काचेत बचत त्याहून पुष्कळ कमी. टक्केवारीत मात्र दोन्हींचा टन सारखाच. म्हणून जीवनचक्राचा अभ्यास करणारे निराळाच प्रश्न विचारतात: हा माल आला म्हणून कुठला नवा माल बनवावा लागला नाही? बाटल्यांच्या धाग्यानं नव्या धाग्याची जागा घेतली, की दोन्ही धागे खपले आणि कपडे तेवढे वाढले?

पैशांचा हिशेब तर उलटाच आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढं तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. सभासद दारोदार कचरा घेतात, घरामागे महिन्याचं शुल्क आणि विकलेल्या भंगाराचे पैसे ही त्यांची कमाई. त्यांनी वेचून काढलेला माल डेपोपर्यंत न्यावा लागत नाही. पण न झालेला खर्च अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात लिहिणार? टनावर बिल होणाऱ्या वाहतुकीचा खर्च मात्र ठळक दिसतो. ओला कचरा पावसात भिजला तर ते बिल आणखी फुगतं, हेही जाता जाता सांगायला हवं.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारात भाव नाही. प्लॅस्टिकचे नि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, वजन नावापुरतं आणि निवडायला वेळ फार. अशा प्लॅस्टिक वेष्टनांबाबत भारतात २०२२ साली उत्पादकांवर रिसायकलिंगची उद्दिष्टं घातली गेली. ती भरून काढायला त्यांना प्रमाणपत्रं विकत घेता येतात. प्रमाणपत्र वजनावर मिळतं, प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाच्या नावे. शेडमध्ये बसून पाकिटं निवडणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती पैसे पडावेत, याचा दर कुणी ठरवलेला नाही.