वस्तुमान वायुप्रवाह संवेदक (पोर्शे बॉक्सस्टर ९८६)

वस्तुमान वायुप्रवाह संवेदक हा इंजिनात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजून ते इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला कळवणारा विद्युत घटक होय. गॅरेजमध्ये त्याला 'एअर फ्लो सेन्सर' किंवा नुसते 'मॅफ' म्हणतात. हा घटक बिघडला तरी गाडी सहसा पूर्ण बंद पडत नाही; ती चालत राहते, पण वाईट चालते. त्यामुळे त्याचा दोष ओळखणे अवघड जाते आणि दुसऱ्याच कोणाचा दोष त्याच्या माथी मारणे सोपे जाते. प्रस्तुत लेखात पोर्शे या जर्मन कंपनीच्या बॉक्सस्टर या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीतील (अंतर्गत क्रमांक ९८६, उत्पादन १९९६ ते २००४) या संवेदकाचे कार्य, त्याच्या बिघाडाचे निदान आणि तो बदलण्याची कृती यांचे वर्णन केले आहे.

मोजमापाची गरज

पेट्रोलच्या १ भागाच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे गुणोत्तर वजनाचे आहे, आकारमानाचे नव्हे. ०° सेल्सिअसला १ लिटर हवेचे वजन सुमारे १.२९ ग्रॅम भरते, तर ४०° सेल्सिअसला तेच सुमारे १.१३ ग्रॅम होते. म्हणजे सिलिंडर तेवढाच भरला तरी उन्हाळ्यात त्यात सुमारे १३ टक्के हवा कमी असते. शाळेत वस्तुमान आणि आकारमान यांतील भेद पाठ करून घेतला जातो. त्याचा व्यवहारात उपयोग काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला हा संवेदक दाखवावा.

मोजमापाचा पल्ला किती मोठा असतो, हे साध्या गणिताने कळते. सुरुवातीच्या बॉक्सस्टरचे इंजिन २.५ लिटरचे होते. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमध्ये एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीने ते मिनिटाला ३,००० वेळा २.५ लिटर, म्हणजे सेकंदाला १२५ लिटर हवा ओढू शकते. तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम होते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नसल्याने आकडा थोडा कमी येतो. हेच इंजिन उभ्या गाडीत नुसते चालू असताना, म्हणजे आयडल गतीला, सेकंदाला जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास हवा घेते. एवढा फरक एकाच घटकाला अचूक मोजावा लागतो, आणि नियंत्रक त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून इंधन सोडतो.

रचना

या संवेदकाचे पूर्वज यांत्रिक होते. बॉश कंपनीच्या १९७० च्या दशकातील एल-जेट्रॉनिक प्रणालीत (यातील 'एल' म्हणजे जर्मन भाषेतील 'लुफ्ट', हवा) हवेच्या मार्गात स्प्रिंग लावलेली एक झडप असे. हवेच्या दाबाने ती जितकी उघडे, तितका तिला जोडलेल्या पोटेन्शिओमीटरचा व्होल्टेज बदले. पोर्शे ९४४ आणि १.६ लिटर इंजिनाची पहिली माझदा एमएक्स-५ या गाड्यांत ही झडप आढळते. झडप ज्या स्थितीत सर्वांत जास्त काळ राहते, तेथेच पोटेन्शिओमीटरचा पट्टा घासला जातो, आणि नेमक्या त्या गतीला गाडी गचके खाते. पुढे तापवलेल्या तारेचे संवेदक आले. त्यांची तार इंजिन बंद केल्यावर क्षणभर सुमारे १,०००° सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावरील मळ जाळून टाकला जाई.

बॉक्सस्टरमधील संवेदक तप्त पटलाचा आहे. एअर फिल्टरमधून निघालेल्या नळीत एक लहान प्लॅस्टिकचा दांडा आत डोकावतो. त्याच्या टोकाशी असलेल्या अरुंद मार्गात एक अतिशय पातळ पटल आसपासच्या हवेपेक्षा ठरावीक प्रमाणात अधिक तापलेले ठेवले जाते. वाहती हवा त्याची उष्णता पळवते. पळवलेल्या उष्णतेवरून हवेचे वस्तुमान कळते, आणि ते व्होल्टेजच्या रूपाने नियंत्रकाकडे जाते. तार जाळून स्वच्छ करण्याची सोय येथे नाही. पटलावर जे बसले, ते बसले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा दांडा नळीतील सर्व हवा मोजत नाही. तो एका जागच्या प्रवाहाचा नमुना घेतो, आणि नळीचा व्यास ठाऊक असल्याने नियंत्रक एकूण हवेचा हिशेब करतो. म्हणून अधिक शक्तीच्या आशेने हौशी मालक जेव्हा अधिक व्यासाची नळी बसवतात आणि नियंत्रकातील तक्ते तसेच ठेवतात, तेव्हा संवेदक नवा कोरा असूनही खोटे सांगू लागतो.

बिघाडाचे स्वरूप

तार तुटणे, जोडणी गंजणे किंवा पटल जळणे हे बिघाड स्पष्ट असतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर जातो, पी०१०२ किंवा पी०१०३ असा दोषांक नोंदवला जातो आणि इंजिनाचा इशारादिवा लागतो. अवघड असतो तो दुसरा प्रकार. पटलावर तेल आणि धूळ यांचा थर बसला की उष्णता हवेपर्यंत नीट पोहोचत नाही. मोठ्या प्रवाहात संवेदक खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवतो, तर आयडल गतीला पुष्कळदा थोडी जास्त. आकडा चुकीचा असला तरी शक्य कोटीतील असतो, म्हणून दोषांक येईलच असे नाही. चालकाला जाणवते ते एवढेच, की गाडीचा जोर उतरला आहे, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती क्षणभर अडखळते, आयडल गती वरखाली होते आणि पेट्रोल अधिक लागते.

याकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. मध्यम भाराला ऑक्सिजन संवेदक मिश्रणातील चूक पकडतात आणि नियंत्रक ती सुधारतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना मात्र ही ताबडतोबीची सुधारणा मिळत नाही. त्या वेळी हवा कमी मोजली गेली, तर मिश्रण विरळ होते आणि सिलिंडरमधील तापमान वाढते. उलट मिश्रण दीर्घकाळ दाट राहिले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. त्याची किंमत संवेदकाच्या कित्येक पट असते.

निदान

वर सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही या संवेदकाची एकट्याची मिरास नाही. तरीही लक्षणे ऐकताच संवेदक बदलण्याचा प्रघात आहे, कारण तो बदलायला सोपा आहे. वस्तुतः सोपे काम आधी करण्यापेक्षा योग्य तपासणी आधी करणे स्वस्त पडते.

पहिली शंका हवागळतीची घ्यावी. संवेदकाच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, नळीला चीर असेल तर तेथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. संवेदक प्रामाणिक असतो, पण मिश्रण विरळ होते. या गाडीत अशा गळतीची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे इंजिन तेल ओतण्याची प्लॅस्टिकची वळीदार नळी. वयोमानाने तिला तडे जातात. दुसरे म्हणजे क्रँककेसमधील वाफेतून तेल वेगळे करणारा विलगक, ज्याला मेकॅनिक 'एओएस' म्हणतात. त्याचा आतील पडदा फाटला की क्रँककेसमधील हवा आणि तेल दोन्ही इंजिनात ओढले जातात. सुरू करताना मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, किंवा इंजिन चालू असताना तेलाचे झाकण काढायला विलक्षण जोर लागला, तर संशयित हा विलगक आहे. अशा गाडीत नवा संवेदक बसवणे व्यर्थ. तेलाची वाफ उलट पसरली तर तोही खराब होईल.

गळती आणि संवेदकाचा दोष यांतील फरक आकडे सांगतात. निदानयंत्र जोडल्यावर नियंत्रक इंधनात किती टक्के वाढ किंवा घट करीत आहे, हे वाचता येते. गळतीतून शिरणारी हवा आयडल गतीला एकूण हवेच्या मानाने मोठी असते आणि वेग वाढला की नगण्य ठरते. म्हणून इंधनाची वाढ आयडलला जास्त आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांना कमी दिसते. मळलेल्या संवेदकाचे चित्र उलटे असते: भार वाढेल तशी वाढ अधिक. या गाडीत वारंवार येणारे पी११२८ आणि पी११३० हे दोषांक आयडल टप्प्यातील विरळ मिश्रणाचेच आहेत, त्यामुळे ते दिसल्यावर संवेदकाआधी गळती शोधणे तर्काला धरून होते.

आणखी एक कसोटी इंजिनाच्या रचनेतूनच मिळते. बॉक्सस्टरच्या इंजिनात समोरासमोर तीन-तीन सिलिंडरांच्या दोन रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेचे ऑक्सिजन संवेदक स्वतंत्र आहेत. वायुप्रवाह संवेदक मात्र दोन्ही रांगांना मिळून एकच. त्यामुळे त्याचा दोष दोन्ही रांगांत सारखाच उमटला पाहिजे. एकाच रांगेचे मिश्रण बिघडले असेल, तर हा संवेदक निर्दोष समजावा आणि त्या रांगेकडील गळती, इंजेक्टर किंवा ऑक्सिजन संवेदक तपासावा.

संवेदकाची जोडणी काढून गाडी चालवून पाहणे ही जुनी युक्ती आहे. जोडणी नसली की नियंत्रक थ्रॉटलची स्थिती आणि इंजिनाची गती यांवरून अंदाजाने इंधन सोडतो. अशा वेळी गाडी अधिक चांगली चालली, तर संवेदक खोटे सांगत होता, असा अर्थ निघतो. गाडीत काही फरक पडला नाही, तर मात्र त्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नये. या प्रयोगानंतर दोषांक नोंदवला जातो. तो पुसावा लागतो.

नवा भाग घेण्यापूर्वी जुना स्वच्छ करून पाहण्यास हरकत नाही. त्यासाठी खास वायुप्रवाह संवेदकासाठीच मिळणारा फवारा वापरावा. कार्ब्युरेटरचा फवारा, कापूस किंवा ब्रश पटलाला लावू नये. फवारणीनंतर ते पूर्ण वाळू द्यावे. या उपायाचा गुण आला तर आठवडाभरात कळते.

बदलण्याची कृती

इंजिन आसनांच्या मागे, मागील चाकांच्या पुढे असल्याने काम वरून करावे लागते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन थंड होऊ द्यावे. कापडी छत 'सर्व्हिस' स्थितीत आणावे आणि त्यानंतर किल्ली काढून खिशात ठेवावी, कारण हात आत असताना छताची मोटर चुकून सुरू होणे धोक्याचे आहे. मग आसनांमागील गालिचा आणि इंजिनावरील झाकण काढले की एअर फिल्टरची पेटी व तिच्यातून थ्रॉटलकडे जाणारी नळी दिसते. हवा ओढणारी जाळी गाडीच्या डाव्या बाजूस आहे, हे लक्षात ठेवले की नळी शोधावी लागत नाही.

संवेदकाच्या जोडणीची खिटी दाबून जोडणी सरळ ओढावी. ताराच धरून ओढल्यास जुने प्लॅस्टिक तुटते, आणि मूळ कामापेक्षा ही दुरुस्ती मोठी होऊन बसते. संवेदक दोन स्क्रूंनी नळीत बसवलेला असतो. स्क्रू टी-२० मापाच्या टॉर्क्स प्रकारचे, पण मध्यभागी खुंटी असलेले असतात. त्यांना टोकाला भोक असलेलाच स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या टॉर्क्सने प्रयत्न केल्यास स्क्रूचे डोके खराब होते. स्क्रू काढल्यावर दांडा सरळ बाहेर येतो. नळी काढण्याची गरज नसते, मात्र आत काही पडणार नाही याची काळजी घ्यावी. उघड्या नळीतून डोकावून आतल्या भिंतीवर तेल आहे का, हे पाहून घ्यावे. तेल आढळले, तर वर सांगितलेल्या विलगकाकडे पुन्हा वळावे. तेलात भिजवलेला कापडी फिल्टर बसवला असेल, तर त्याचे जादा तेलही पटलावर येऊ शकते.

नवा संवेदक पटलाला हात न लावता, रबरी कडे नीट बसल्याची खात्री करून, प्रवाहाच्या दिशेचा बाण पाहून आत सरकवावा. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, म्हणून ते हलक्या हाताने आवळावेत.

बदलल्यानंतर

नियंत्रकाने जुन्या संवेदकाच्या खोटेपणाशी जुळवून घेऊन इंधनाची सुधारणा स्मृतीत साठवलेली असते. ती निदानयंत्राने पुसावी, नाही तर नव्या खऱ्या आकड्यावर जुनी दुरुस्ती चढते आणि गाडी काही काळ पूर्वीपेक्षाही वाईट चालते. बॅटरीची तार काढून हे साधते, पण मग मूळ रेडिओ आपला सांकेतिक क्रमांक मागतो. तो आधी शोधून ठेवावा. २००० सालापासूनच्या, विद्युत थ्रॉटलच्या गाड्यांत (२.७ लिटर, आणि 'एस' प्रकारात ३.२ लिटर) त्यानंतर ॲक्सिलरेटरला पाय न लावता सुमारे १ मिनिट किल्ली चालू स्थितीत ठेवावी, १० सेकंद बंद करावी आणि मग इंजिन सुरू करावे, थ्रॉटल आपली मूळ स्थिती पुन्हा शिकून घेतो.

भाग विकत घेताना क्रमांक जुन्या भागावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. या संवेदकाच्या बनावट प्रती मूळ निर्मात्याच्या नावाच्या खोक्यांतून विकल्या जातात. त्या बसतात, इंजिनही चालते, आकडे मात्र काही टक्क्यांनी चुकतात. म्हणून नवा संवेदक बसवल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून दोन्ही रांगांची इंधन सुधारणा पुन्हा वाचावी. ती शून्याच्या आसपास आली नसेल, तर जुना संवेदक अद्याप फेकलेला नाही हे बरे.