नवी किडनी आणि शरीरातले जुने पाहुणे

पादरा ते वडोदरा आणि तिथून अहमदाबाद. किडनी बदललेली व्यक्ती ज्या घरात आहे, त्या घराला ही वाट पाठ असते. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी किडनीची मोठी संस्था उभी केली. सुरुवातीचे महिने घरचे डोळ्यांत तेल घालून पथ्य पाळतात. मग क्रिएटिनिन ठीक येऊ लागलं की सगळे निर्धास्त होतात. नेमकं तेव्हाच एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

दुसऱ्याची किडनी आपलं शरीर परकी समजतं. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं प्रतिकारशक्तीला शांत ठेवतात. पण हीच शक्ती शरीरात दडलेल्या विषाणूंवरही पहारा देत असते. १९६४ साली सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जन्मभर मुक्काम करतो. एरवी त्याचा त्रास नसतो. पहारा ढिला पडला, की काही रुग्णांत तो या पेशींची बेसुमार वाढ घडवतो. त्यातून लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग होऊ शकतो. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा, तर हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळे यकृताचा कर्करोग होण्याची भीती असते.

मग गोळ्या बंद कराव्यात का? मुळीच नाही! मनाने गोळ्या सोडल्या तर किडनीच हातची जाते. मात्र डॉक्टर विचारपूर्वक मात्रा कमी करू शकतात. अमेरिकेतले शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की औषध कमी केल्यावर काही रुग्णांच्या अशा गाठी विरघळतात. कमीत कमी औषधांवर नवा अवयव शरीराने स्वीकारावा, यासाठी डॉ. त्रिवेदींनीही मूळपेशींवर बरीच वर्षं संशोधन केलं.

घरच्यांनी काय करावं? मान, काख किंवा जांघेत गाठ, कारण न सापडणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी डॉक्टर सांगतील तशी नियमित करावी. शस्त्रक्रिया ठरत असेल तर हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्यावी, कारण नंतर लसीचा परिणाम कमी होतो. एचपीव्हीच्या लसीबद्दलही विचारावं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही लस आता मिळते. शस्त्रक्रियेनंतर मात्र कुठलीही लस किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या मंडळातल्या कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर हा लेख त्यांना जरूर वाचायला द्या. पुढच्या वेळी अहमदाबादला जाताना फाइलबरोबर मनातले प्रश्नही कागदावर लिहून न्या.