उंचीची चूक आणि कबुलीची किंमत

विमान अपघाताची बातमी आली की सर्वांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की चूक कोणाची? काही महिन्यांनी चौकशीचा अहवाल येतो, त्यातील ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द मथळ्यात झळकतात आणि समाजाचे समाधान होते. अपराधी सापडला, बहुधा तो मृतही झालेला असतो, तेव्हा प्रकरण संपले. परंतु त्याच ठिकाणी, त्याच परिस्थितीत उद्या दुसरा वैमानिक तीच चूक करणार नाही याची हमी या दोन शब्दांतून मिळते काय? विमान खाली उतरत असताना उंचीची बंधने पाळण्यात होणाऱ्या चुकांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते.

प्रथम या बंधनांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. पस्तीस हजार फुटांवरून जाणारे जेट विमान विमानतळापासून शंभराहून अधिक सागरी मैल दूर असतानाच उतरू लागते. त्याच्या मार्गावर ठराविक बिंदू आखलेले असतात आणि अमुक बिंदूवर अमुक उंचीच्या खाली जाऊ नये, तमुक बिंदूवर तिच्या वर राहू नये, असे नियम असतात. खाली डोंगर असतो, किंवा हजार फुटांच्या अंतराने दुसरे विमान जात असते. रेडिओवरील ‘दहा हजार’ आणि ‘अकरा हजार’ यांत ऐकण्याची गफलत होते, ऑटोपायलटमध्ये आकडा चुकीचा बसविला जातो, उंचीमापक स्थानिक हवेच्या दाबाशी जुळवून घ्यायचा राहतो, पाठीमागून जोराचा वारा असल्याने विमान अपेक्षेपेक्षा लवकर त्या बिंदूवर पोहोचते. या चुका आळशी किंवा अडाणी माणसांच्या नव्हेत. अनुभवी वैमानिकांकडूनही त्या घडतात.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत होते. विमानतळ चव्वेचाळीस मैल दूर असतानाच नियंत्रकाने धावपट्टीकडे येण्याची परवानगी दिली. आता उंचीचे बंधन उरले नाही, असा वैमानिकांनी तिचा अर्थ घेतला. नकाशावरील बंधने वैमानिक पाळीलच, असे नियंत्रकाने गृहीत धरले. राउंड हिल या बिंदूपर्यंत ३,४०० फुटांखाली जाऊ नये, असे नकाशा सांगत होता. कॅप्टनच्या ते लक्षातही आले होते. पण परवानगी मिळाली म्हणजे उतरता येते, या समजुतीने विमान १,८०० फुटांच्या दिशेने खाली आले आणि व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९२ माणसे मृत्युमुखी पडली. राष्ट्रीय चौकशी मंडळाच्या पाच सदस्यांतही एकमत झाले नाही. तिघांनी वैमानिकांच्या निर्णयाला कारण ठरविले, मात्र नियमांतील संदिग्धतेमुळेच तो घेतला गेला असेही नमूद केले. दोघांचा रोख नियंत्रण व्यवस्थेवर होता.

परंतु या चौकशीतून बाहेर आलेली खरी हृदयद्रावक गोष्ट निराळीच आहे. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच मार्गाने, त्याच गैरसमजुतीने खाली आले होते आणि त्याच डोंगरावरून थोडक्यात निभावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. ती सूचना दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत पोहोचली नाही. ९२ माणसांचे प्राण वाचवू शकणारी माहिती अस्तित्वात होती. ती फक्त योग्य जागी नव्हती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक ओळखीचा प्रश्न दिसेल. चुकीची माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ शेकडो वैमानिकांना आणि लक्षावधी प्रवाशांना मिळतो. किंमत मात्र ती सांगणारा एकटा भरतो. त्याचा परवाना जातो, बढती अडते, सहकाऱ्यांत नाचक्की होते. ज्या वस्तूच्या उत्पादकाला केवळ तोटाच होतो तिचा पुरवठा आटणार, हे सांगायला मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही.

अमेरिकेने १९७५ मध्ये यावर उपाय योजला. वैमानिकाने नकळत घडलेली चूक कळविली तर शिक्षा माफ होईल, अशी योजना हवाई वाहतूक खात्याने काढली. पण दंड करणाऱ्याच्याच दारात कबुली देण्यास कोण धजावणार? म्हणून १९७६ पासून अहवाल स्वीकारण्याचे काम नासा या अंतराळसंस्थेकडे सोपविण्यात आले, कारण तिला कोणालाही शिक्षा करण्याचा अधिकार नाही. अहवालावरील नावाचा भाग फाडून पाठविणाऱ्याला परत दिला जातो. दहा दिवसांच्या आत कळविले तर दंडातून सूट मिळते. मात्र हेतुपुरस्सर केलेला भंग, गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ती लागू नाही. आजवर आलेल्या लाखो अहवालांत नेमून दिलेली उंची चुकल्याच्या कबुल्या फार मोठ्या संख्येने आहेत. दहा आणि अकरा हजार यांची गल्लत किती वारंवार होते, हेही त्यांतूनच उमगले.

आपल्या देशानेही या विषयाचे मोल रक्ताने चुकविले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे उतरणारे कझाक इल्यूशिन यांची टक्कर होऊन ३४९ माणसे मरण पावली. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबण्यास सांगितले होते. ते त्याखाली आले, हा दोष न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने स्पष्ट नोंदविला. पण येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता, आणि वापरात असलेल्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. केवळ परकी वैमानिकांवर बोट ठेवून आपण थांबलो असतो, तर त्यानंतर मार्ग वेगळे झाले नसते आणि टक्करीचा इशारा देणारे यंत्र सक्तीचेही झाले नसते.

अशी माफी दिल्याने बेपर्वाई वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही, आणि म्हणूनच हेतुपुरस्सर केलेला भंग माफीतून वगळलेला आहे. नकळत घडणाऱ्या चुकीला मात्र शिक्षेची भीती थांबवू शकत नाही. ती केवळ चूक लपविण्यास शिकविते. आपल्या कचेऱ्यांतही हेच दिसते. जमाखर्चाच्या वहीत खाडाखोड केल्याबद्दल जो साहेब कारकुनावर खेकसतो, त्याला वर्षअखेरीस ताळेबंद न जुळण्याचे आश्चर्य वाटू नये.

भारतातही स्वेच्छेने त्रुटी कळविण्याची तरतूद आता हवाई नियमांत आहे. पण तरतूद कागदावर असते आणि विश्वास माणसांच्या मनात असावा लागतो. ऐकणारा आणि दंड करणारा हे दोघे जोपर्यंत एकाच छपराखाली बसतात, तोपर्यंत तो विश्वास रुजणे कठीण आहे. तेव्हा अशा कबुल्या स्वीकारण्याचे काम दंडाधिकार नसलेल्या स्वतंत्र संस्थेकडे द्यावे, आणि नावे वगळून त्यांतील धडे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक वैमानिकापर्यंत पोहोचवावेत. यासाठी नवी विमाने किंवा मोठे भांडवल लागणार नाही. शासनाला दंडाच्या अधिकाराचा थोडासा अंश मात्र सोडावा लागेल. माउंट वेदरच्या पायथ्याशी सहा आठवडे पडून राहिलेल्या त्या एका सूचनेची किंमत ९२ प्राण एवढी होती, याचा विचार केला तर हा सौदा महाग म्हणता येणार नाही.