ध्येय आणि अर्थकारण : सेवाभावी व नफाधिष्ठित संस्थांमधील समतोल

प्रस्तावना :
सेवाभावी संस्थेने नफा मिळवू नये, असा सर्वसाधारण समज आढळतो. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम ८ खालील कंपनीस शिल्लक मिळविता येते. परंतु ती सभासदांना लाभांश म्हणून न वाटता उद्दिष्टांसाठीच वापरावी लागते. म्हणजेच भेद नफा मिळविण्यात नसून त्याच्या विनियोगात आहे. तथापि, केवळ विनियोगाच्या नियमाने ध्येय सुरक्षित राहते काय, हा प्रश्न उरतो. पुढील दोन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

१) अरविंद नेत्र रुग्णालय :
शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. टाळता येण्याजोगे अंधत्व दूर करणे हे त्याचे ध्येय होय. शुल्क देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांच्या विनामूल्य शस्त्रक्रियांचा खर्च भागविला जातो. पूर्वतयारी प्रशिक्षित साहाय्यिका करीत असल्याने शल्यविशारदाचा वेळ वाया जात नाही व प्रतिरुग्ण खर्च घटतो. आयात केलेली कृत्रिम भिंगे महाग पडत असल्याने १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ ही उत्पादनसंस्था स्थापन करण्यात आली. येथे रुग्णसंख्या वाढली की ध्येय आणि अर्थकारण दोन्ही बळकट होतात.

२) सूक्ष्मवित्त कंपन्या :
एसकेएस मायक्रोफायनान्सचा आरंभ सेवाभावी संस्था म्हणून झाला. गरीब स्त्रियांना कर्ज पुरविण्यासाठी मोठे भांडवल आवश्यक असल्याने पुढे तिचे कंपनीत रूपांतर झाले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तिच्या समभागांची सार्वजनिक विक्री झाली. त्याच काळात आंध्र प्रदेशात एकेका कुटुंबास अनेक कंपन्यांनी कर्जे दिल्याच्या व वसुलीसाठी जाच होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि तेथील परतफेड कोसळली. येथे कर्जवाटपातील वाढ हेच यशाचे माप ठरले. कर्जदाराची ऐपत मागे पडली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी कुटुंबाच्या मासिक परतफेडीस उत्पन्नाच्या ५० टक्क्यांची मर्यादा घातली.

निष्कर्ष :
संस्थेचे कायदेशीर स्वरूप समतोलाची हमी देत नाही. उत्पन्न कोणाकडून येते आणि त्याच्या वाढीबरोबर लाभार्थीची स्थिती सुधारते की खालावते, हे तपासणे आवश्यक ठरते. म्हणूनच विश्वस्त व संचालक मंडळांनी ताळेबंदाइतक्याच काटेकोरपणे लाभार्थीच्या स्थितीचाही वार्षिक आढावा घेणे उचित होय.